१८७४ ची फ्रीडमन्स बँक आणि आईची पिग्मी: अवसायक आल्यावर पैशाचं नेमकं काय होतं?

खाडीकाठ, मालवण

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबून सुरू होतोय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

आमची आई गेली बावीस वर्षं मासे विकते. सकाळी लिलावाला जायचं, पाटी भरायची आणि वाड्या फिरायच्या. त्यातले रोजचे पन्नास, धंदा झाला तर शंभर, पिग्मीत. एजंट आमच्याच वाडीतला, संध्याकाळी ते छोटं मशीन घेऊन यायचा, कर्रकन पावती निघायची, आई हात पदराला पुसून ती घ्यायची आणि देवाच्या फळीवर हळदीकुंकवाच्या डब्याखाली सरकवायची. मागच्या वर्षी पतसंस्थेला कुलूप लागलं, आता अवसायक (बंद संस्थेची वसुली करून देणी भागवणारा अधिकारी) नेमलाय आणि दावा अर्ज भरा म्हणून नोटीस आलीये. आई मला एकच विचारते, "माझे पैशे खंय गेले रे?" आणि मी बी.कॉम. शिकलेला माणूस, मला त्याचं उत्तर देता येत नाही.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर बुडालेल्या बँकांबद्दल शोधत बसलो होतो, तर अमेरिकेतल्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेची गोष्ट सापडली. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांसाठी काढलेली बँक. ३ मार्च १८६५ ला लिंकनने कायद्यावर सही केली, पाच सेंटपासून पैसे ठेवता यायचे, धोबिणी, शेतमजूर, काळ्या पलटणीतले शिपाई सगळ्यांची खाती, १७ राज्यं आणि वॉशिंग्टन मिळून ३७ शाखा. आणि नऊ वर्षांत, जून १८७४ ला बंद. ६१ हजारांवर खातेदार आणि त्यांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. वाचताना मला सारखी आईच दिसत होती, खोटं नाही सांगत.

आता माझे प्रश्न. ही बँक सरकारी होती का, आणि नव्हती तर लोकांना तसं का वाटलं? लोकांनी घाबरून पैसे काढले म्हणून बुडाली की आधीच पोखरली होती? आणि बंद झाल्यावर लोकांना ६२ टक्के मिळाले असं वाचलं, ते कसे, कधी, कोणाला? कोणाला नीट माहिती असेल तर सांगा, आईला समजेल अशा भाषेत सांगायचंय.

---

देवबागची माऊ

खाडीकाठ दादा, माझ्या मावशीचे पण त्यातच आहेत, होड्यांची जाळी दुरुस्त करून साठवलेले. वाट बघतेय कोणी उत्तर देतं का.

---

जुना खतावणीवाला, रत्नागिरी

मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची दहा वसुली खात्यात, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. फ्रीडमन्स बँकेवर मी बरंच वाचलंय, जमेल तसं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिला प्रश्न. सरकारी नव्हती. संसदेने कायदा करून सनद दिली एवढंच. भागधारक नव्हते, ५० विश्वस्त होते आणि त्या विश्वस्तांचा स्वतःचा एक पैसा त्यात अडकलेला नव्हता, हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. पण पासबुकावर लिंकनचं चित्र, शाखेत बसणारा माणूस बऱ्याचदा मिशनरी नाहीतर सरकारी खात्याशी संबंध असलेला, आणि एजंट लोक बिनधास्त सांगायचे की सरकार पाठीशी आहे. कालपर्यंत ज्याला स्वतःच्या मजुरीवर हक्क नव्हता त्याने लिंकनचं चित्र बघून दुसरं काय समजायचं होतं? आपल्याकडेही बोर्डावर "शासनमान्य" आणि नोंदणी क्रमांक मोठ्या अक्षरात असतो, लोक त्याचा अर्थ सरकारची हमी असा घेतात. त्याचा अर्थ फक्त नोंदणी झाली एवढाच असतो.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. मूळ सनद फार चांगली होती. आलेल्या ठेवींतले कमीत कमी दोन तृतीयांश अमेरिकन सरकारच्या कर्जरोख्यांत घालायचे, उरलेले लोकांना परत द्यायला हाताशी ठेवायचे. कर्जवाटप हा विषयच नाही. म्हणजे फडताळात ठेवलेल्या डब्यासारखी बँक, व्याज थोडं पण मुद्दल जागेवर. फक्त त्या हाताशी ठेवायच्या पैशाबद्दल शब्द सैल होते, विश्वस्तांना योग्य वाटेल त्या स्वरूपात ठेवा असे, आणि त्या फटीतून आधीच थोडं कर्ज सुरू झालं होतं. मग मे १८७० मध्ये सनद बदलून घेतली, जमिनी-घरांच्या तारणावर कर्ज द्यायची मोकळीक मिळाली. कागदावर अट होती की तारण कर्जाच्या दुप्पट किमतीचं हवं. पण किंमत ठरवणार कोण, हा प्रश्न जगात कुठेही सारखाच असतो. मी स्वतः असे मूल्यांकन अहवाल बघितलेत ज्यात कातळाच्या सड्याला कलमबागेचा भाव लावलेला होता.

आणि इथे खरी मेख आहे. पैसा यायचा सवाना, चार्ल्सटन, रिचमंड, मेम्फिस अशा दक्षिणेतल्या शाखांतून, कर्जं जायची मुख्यतः वॉशिंग्टनमध्ये. तिथे तेव्हा रस्ते, गटारं, इमारती यांचा धडाका चालू होता, कंत्राटदार, प्लॉटवाले, ओळखीपाळखीचे. अर्थ समितीचा प्रमुख होता हेन्री कुक, म्हणजे त्या काळचा सगळ्यात मोठा रोखे दलाल जे कुक याचा भाऊ. हाच हेन्री जे कुक कंपनीची वॉशिंग्टनची पेढी सांभाळायचा, तिथल्या फर्स्ट नॅशनल बँकेचा अध्यक्ष होता आणि १८७१ पासून वॉशिंग्टन ज्यात येतं त्या डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाचा गव्हर्नर पण. धोबिणींचे पैसे कुठे गुंतवायचे हे ठरवणारा आणि ते पैसे वापरणारा एकच माणूस! कुकच्या पेढीला फ्रीडमन्स बँकेचा पैसा मिळायचा तो खातेदारांना कबूल केलेल्या व्याजाहून कमी दराने. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे रोखे, जे कुकला स्वतःला बाजारात खपवता येत नव्हते, त्यांच्यावर सुद्धा या बँकेने पैसे दिले. कुंपणानेच शेत खाल्लं.

१८ सप्टेंबर १८७३ ला जे कुक कंपनी बसली आणि सगळ्या देशात घबराट झाली. त्यानंतर फ्रीडमन्सच्या शाखांवर लोकांची रांग लागली. पण मग बँकेने त्या रांगेतल्या लोकांना पैसे कशातून दिले? जे चांगले सरकारी रोखे होते ते विकून, कारण विकले जातील असे तेवढेच होते. म्हणजे शहरातला, बातमी लवकर कळलेला खातेदार पूर्ण पैसे घेऊन गेला आणि लांबच्या गावातल्या, वाचता न येणाऱ्या, आपल्या बँकेवर विश्वास ठेवून शांत बसलेल्या माणसाच्या वाट्याला वॉशिंग्टनची बुडीत कर्जं आली. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त हे लागतं.

त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की रांगेने बँक मारली नाही, १८७० च्या दुरुस्तीने मारली, रांगेने फक्त झाकण उघडलं.

---

लाल माती

काका, माहिती छान पण एक शंका. फ्रेडरिक डग्लससारखा एवढा मोठा माणूस, जो स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला आणि गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लढलेला, तो शेवटी या बँकेचा अध्यक्ष होता ना? मग त्याची काहीच जबाबदारी नाही का? लोकांनी त्याच्या नावावर पण विश्वास ठेवला असेल. आपल्याकडे संस्था बुडाली की चेअरमन म्हणतो मला माहितीच नव्हतं, तसंच झालं हे.

---

जुना खतावणीवाला, रत्नागिरी

लाल माती, शंका रास्त आहे पण तारखा बघा. डग्लस अध्यक्ष झाला मार्च १८७४ मध्ये. तोपर्यंत कुकची पेढी बसून सहा महिने होत आले होते, हेन्री कुक आधीच निघून गेला होता. लोकांचा विश्वास परत यावा म्हणून डग्लसला त्या खुर्चीत बसवलं. त्याने आत जाऊन पुस्तकं बघितली, सुरुवातीला त्याला पण वाटलं की सावरेल, स्वतःचे १०,००० डॉलर बँकेला दिले. पण खरी परिस्थिती कळल्यावर त्याने गप्प बसून दिवस ढकलले नाहीत, सिनेटच्या अर्थ समितीला जाऊन सांगितलं की बँकेत देणं फेडायची ताकद नाही. जूनमध्ये संसदेने बंद करण्याची वाट मोकळी करणारा कायदा केला आणि २९ जूनला विश्वस्तांनी बंदचा ठराव केला. मी त्याला दोषी धरणार नाही. आपल्याकडच्या ज्या चेअरमनबद्दल तुम्ही बोलताय त्याने खिशातले दहा रुपये तरी घातले होते का?

---

वाशिष्ठीकाठची

मी चिपळूणची. मला त्या ६२ टक्क्यांत जास्त रस आहे कारण आमचं स्वतःचं असंच एक प्रकरण झालंय. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यावर छतापर्यंत पाणी होतं, कपाट उलटलं, त्यात सासूबाईंचं पतसंस्थेचं पासबुक आणि ठेव पावत्या होत्या. चिखलातून काढलं तेव्हा शाई सगळी पसरून निळा लगदा झालेला, फक्त कव्हरवरचा खाते नंबर वाचता येत होता. पुढे दोन वर्षांनी ती पतसंस्था अवसायनात गेली आणि अर्जासोबत मूळ पासबुक जोडा म्हणाले. सासूबाई म्हणाल्या जाऊदे, आपले नशिबातच नव्हते, आणि त्यांनी अर्जच भरला नाही. मी तेव्हा जोर लावायला हवा होता असं आता फार वाटतं. त्या अमेरिकेतल्या लोकांना पण पासबुक मागितलं होतं का?

---

जुना खतावणीवाला, रत्नागिरी

ताई, हो, मागितलं होतं, आणि तुम्ही अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. म्हणून आता तिसरा प्रश्न.

आधी एक फरक सांगतो. तेव्हा अमेरिकेत राष्ट्रीय सनदेच्या बँका बुडल्या की १८६४ च्या कायद्याप्रमाणे कंट्रोलर ऑफ द करन्सी नावाचा अधिकारी रिसीव्हर नेमायचा. रिसीव्हर म्हणजे आपला अवसायकच समजा. तो चाव्या, पुस्तकं, तिजोरी ताब्यात घेतो, ज्यांची देणी आहेत त्यांनी दावे आणावेत म्हणून तीन महिने वर्तमानपत्रात नोटीस देतो, कर्जं वसूल करतो, मालमत्ता विकतो, आणि जसजसा पैसा जमेल तसा सगळ्यांना एकाच टक्क्याने वाटत जातो. शिवाय त्या बँकांच्या भागधारकांवर दुहेरी जबाबदारी होती, म्हणजे शेअरमध्ये घातलेले तर बुडालेच, वर तेवढीच रक्कम परत घरातून आणून द्यावी लागायची. फ्रीडमन्समध्ये भागधारकच नाहीत, विश्वस्तांचं काही अडकलेलं नाही, मग रिसीव्हर आला असता तरी मागणार कोणाकडे?

आणि रिसीव्हर आलाही नाही. संसदेच्या कायद्याने तीन कमिशनर नेमले गेले, क्रेसवेल, पर्विस आणि लायपोल्ड. क्रेसवेल आधी पोस्टमास्टर जनरल राहिलेला, पर्विस फिलाडेल्फियाचा गुलामगिरीविरोधी कार्यकर्ता, लायपोल्ड हिशोबातला माणूस. तिघांचे पगार खातेदारांच्याच उरलेल्या पैशातून. वर्षं जात राहिली, तक्रारी वाढल्या, मग १८७९ पासून सिनेटच्या समितीने चौकशी केली. त्या समितीचा अध्यक्ष होता मिसिसिपीचा सिनेटर ब्लँच ब्रूस, जो स्वतः गुलामगिरीत जन्मलेला. १८८१ मध्ये ते तीन कमिशनर बाजूला करून काम कंट्रोलरकडे दिलं.

आता वाटप बघा. १८७५ मध्ये २० टक्के, १८७८ मध्ये १०, १८८० मध्ये १०, १८८२ मध्ये १५ आणि १८८३ मध्ये ७. बेरीज ६२. ऐकायला वाईट नाही वाटत, अर्ध्याहून जास्त मिळाले की. पण एखाद्या धोबिणीचे दोन डॉलर होते असं धरा. बँक बंद झाल्यावर वर्षाहून जास्त थांबून तिला पासबुक पाठवून मिळणार ४० सेंट. मग १८७८ ला २० सेंट. शेवटच्या हप्त्याचे १४ सेंट. नऊ वर्षांत पाच वेळा. त्यात तिने गाव बदललं, लग्न होऊन आडनाव बदललं, पासबुक हरवलं, नोटीस वाचणारं कोणी नाही, किंवा ती वारली आणि मुलांना माहितीच नाही. फार मोठ्या संख्येने लोक आलेच नाहीत. त्यामुळे ६२ टक्के हा आकडा शेवटपर्यंत पासबुक घेऊन हजर राहिलेल्या माणसाचा आहे, सगळ्यांचा नाही. चांगले रोखे विकले गेले होते हे वर लिहिलंच आहे, उरलेल्यातली मोठी वस्तू म्हणजे बँकेची वॉशिंग्टनमधली इमारत, सरकारी खजिन्यासमोर पेनसिल्वेनिया अॅव्हेन्यूवर थाटात बांधलेली. ती १८८२ मध्ये सरकारनेच अडीच लाख डॉलरला घेतली, त्याच वर्षी १५ टक्क्यांचा हप्ता निघाला. राहिलेले ३८ टक्के सरकारने भरून द्यावेत अशी शिफारस राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने १८८६ मध्ये संसदेला केली होती. संसदेने दिले नाहीत.

खाडीकाठ, आता तुमच्या आईंचं. कटू आहे पण स्पष्ट सांगतो. ठेव विम्याचे पाच लाख फक्त बँकांना, त्यात सहकारी बँका आल्या, पण पतसंस्थेला तो विमा नाही. म्हणजे तुमच्या आईंची स्थिती फ्रीडमन्सच्या खातेदारासारखीच, जे वसूल होईल त्यातून वाटा. सहकार कायद्याच्या कलम १०२ खाली संस्था अवसायनात गेली असेल, तर अवसायक कर्जदारांकडून वसुली करतो आणि संचालकांनी नुकसान केलं असेल तर कलम ८८ ची चौकशी लागते. वेळ लागतो, खूप लागतो. तरी दावा भराच, रक्कम छोटी असली तरी भरा. पासबुक, पिग्मीच्या पावत्या, आधार, सगळ्याच्या झेरॉक्स काढा, मूळ कागद द्यावे लागले तर पोच घेतल्याशिवाय द्यायचे नाहीत. पत्ता आणि मोबाईल नंबर बदलला तर लेखी कळवा. वारस लावलेला नसेल तर तेही आत्ताच विचारून घ्या. आणि वाशिष्ठीकाठच्या ताई, तुमच्या सासूबाईंचं पासबुक गेलं तरी संस्थेच्या खतावणीत नोंद असणारच. खाते नंबर वाचता येतोय ना? पुराचा पंचनामा, प्रतिज्ञापत्र आणि तो नंबर घेऊन उपनिबंधक कार्यालयात जा. उशीर झालाय म्हणून घरी बसू नका.

---

कुळाचा शोध

थोडं अवांतर पण सांगावंसं वाटतं. मी आमच्या घराण्याची वंशावळ लावते, गुहागरकडची, त्यामुळे जुनी दप्तरं हा माझा विषय. फ्रीडमन्स बँकेची खाते उघडायची रजिस्टरं अजून शाबूत आहेत, २९ शाखांची, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि ती ऑनलाइन बघता येतात. सही येत नाही तर माणूस ओळखायचा कसा, म्हणून कारकून प्रत्येकाला विचारायचा, जन्म कुठला, वाढलात कुठे, काम काय, बायको, मुलं, आईबाप, भाऊबहिणी. सुरुवातीच्या फॉर्मात तर जुन्या मालकाचं आणि मळ्याचं नाव पण लिहायचे. मी एक पान मोठं करून बघितलं, वरच्या अक्षरांची शाई फिकट, आणि भावंडांच्या रकान्यात नावं लिहून पुढे विकल्याची नोंद. बँकेला ती माहिती फक्त माणूस ओळखायला हवी होती. जवळपास पावणेपाच लाख नावं आहेत त्यात आणि आज कितीतरी आफ्रिकन अमेरिकन घराण्यांना आपला पणजोबा तिथेच सापडतो, कारण त्याआधीच्या जनगणनेत गुलामांची नावंच लिहीत नसत. पैसे बुडाले त्याची भरपाई यातून होते असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. पण खाडीकाठ दादा, तुमच्या आईंचा जो खाते उघडायचा फॉर्म असेल ना, त्याची पण एक प्रत मागून घ्या.

---

देवबागची माऊ

खतावणीवाले काका, मावशीची पिग्मी आणि मुदत ठेव दोन्ही आहेत, दोन वेगळे अर्ज लागतील का एकच?

---

जुना खतावणीवाला, रत्नागिरी

फॉर्मवर सगळी खाती लिहायला जागा असेल तर एकच चालेल, पण प्रत्येक खात्याचा नंबर आणि शिल्लक वेगळ्या ओळीत लिहा. आणि मावशीवर त्याच संस्थेचं कर्ज असेल तर ते पण लिहा, नाहीतर नंतर वजावटीवरून अडवतात.

---

खाडीकाठ, मालवण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला घेऊन बसलो आणि सगळं सांगितलं, धोबिणीच्या दोन डॉलरचं पण सांगितलं. ती गप्प ऐकत होती, मग म्हणाली, "तेंका चाळीस पैशे मेळाक वर्ष गेला?" आणि उठून देवाच्या फळीवरचा डबा खाली घेऊन आली. पावत्या पावसाळ्याच्या दमटपणाने एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या थर्मल कागदावरची अक्षरं बऱ्याच ठिकाणी उडालीयेत. फॅनखाली पसरून एकेक सोडवली, वाचता येतात अशा ४१३ भरल्या. पासबुकातल्या शेवटच्या एन्ट्रीनंतर पण दोन महिने एजंटने पैसे नेले होते, त्याच्या ६२ पैकी ५७ पावत्या मिळाल्या, तारखेप्रमाणे वहीवर चिकटवल्यात. काका, एजंटने नेलेले पण पासबुकात न चढलेले हे पैसे दाव्यात धरायचे ना? सोमवारी आईला घेऊन कार्यालयात जातोय, त्याआधी उत्तर मिळालं तर बरं होईल.

---

जुना खतावणीवाला, रत्नागिरी

धरायचेच. पासबुकाची शिल्लक वेगळी, त्या ५७ पावत्यांची बेरीज वेगळी, आणि राहिलेल्या पाच दिवसांच्या तारखा लिहून "पावती अस्पष्ट/गहाळ" अशी नोंद. एजंटचं नाव आणि त्याचा कोड नंबर पावतीवर असतो तो पण लिहा. ज्या पावत्या फिकट होतायत त्यांचे आजच फोटो काढा, सोमवारपर्यंत थांबू नका. आणि दोन प्रती घेऊन जा, एकीवर शिक्का मारून घ्यायला.